जुन्या जिप्सीचा कायापालट

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपले संपादक मंडळ 'कृपया वैद्यकीय विषय टाळावा' असे दरवर्षी आवर्जून कळवते आणि दरवर्षी निम्मे लेख मधुमेह व रक्तदाबावरच येतात. यंदा त्या विनंतीचा मान राखून मोटारीवर लिहिण्याचे योजिले आहे. तरीही लेखाच्या उत्तरार्धात लहान मुले शिरलीच आहेत. बालरोगतज्ज्ञाचा तेथे इलाज चालत नाही.

विषय आहे जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत आडवाटेच्या प्रवासासाठी करावयाच्या सुधारणांचा. गेल्या काही वर्षांत आपल्यातील तीन-चार तरुण डॉक्टरांनी जुन्या मारुती जिप्सी घेतल्या आहेत. माझ्याकडे १९९८ सालची जिप्सी किंग बरीच वर्षे असल्यामुळे सल्ल्यासाठी फोन मला येतात. 'सर, गाडी किती इंच उचलू?' हा पहिला प्रश्न आणि 'टायर किती मोठे घालू?' हा दुसरा. ब्रेकविषयी आजवर एकानेही विचारलेले नाही. या लेखामागची खरी प्रेरणा तीच होय.

जिप्सी प्रथम आली १९८५ च्या डिसेंबरात, ९७० सीसीचे छोटे इंजिन घेऊन. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीची ती लांब आवृत्ती. १९९३ साली तिच्या दोन चाकांमधले आडवे अंतर सुमारे नऊ सेंटिमीटरने वाढले, १९९६ साली १३०० सीसीची 'किंग' आली, २००० साली एमपीएफआय इंजिन व ब्रेक बूस्टर मिळाला आणि २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. तीस-पस्तीस वर्षांत आराखडा मात्र फारसा बदलला नाही. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे आणि चढ-चिखलासाठी लो रेंज असलेला ट्रान्स्फर केस. वजन हजार किलोच्या आसपास. आजच्या दीड-दोन टनांच्या गाड्या जेथे रुततात तेथून ही निघून जाते, याचे निम्मे श्रेय या हलकेपणाला आहे. म्हणून सुधारणेच्या नावाखाली तिच्यावर लोखंडाची भर घालणे हा मला तिच्यावरील अन्याय वाटतो.

माझी गरज साधी होती. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात महिन्यातून एकदा मुलांच्या तपासणीसाठी जाणे होते. जांबोटी-कणकुंबीच्या पलीकडे डांबर संपले की जांभ्या खडकाचा लाल रस्ता लागतो. पावसाळ्यात त्यावर ओढे आडवे येतात. याउलट बेळगावच्या पूर्वेस गेलात की काळी माती. या दोन मातींचे स्वभाव ज्याने ओळखले त्याला टायरविषयी निम्मे शिक्षण मिळाले असे समजावे. जांभ्यावर पाणी वाहून जाते, पकड राहते, पण त्याच्या धारदार कडा टायरची कूस कापतात. काळी माती भिजली की टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत लाडवासारखा होतो; तेथे खोल, विरळ नक्षीचा टायरच चालतो, कारण फिरता फिरता तो चिखल बाहेर फेकतो. तोच टायर ओल्या डांबरावर मात्र कमी भरवशाचा आणि कर्कश. वर्षातले नव्वद टक्के अंतर डांबरावर कापणाऱ्या डॉक्टराने मधल्या नक्षीचा, ज्याला ऑल टेरेन म्हणतात तो टायर घ्यावा.

आता मोठ्या टायरचे गणित. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७३३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे डिफरन्शिअलखाली वाढलेली जागा अवघी ३३ मिलिमीटर, सव्वा इंच. त्या बदल्यात काय जाते ते पाहावे. स्पीडोमीटर ६० दाखवितो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. प्रत्येक गिअर तितकाच 'उंच' होतो, त्यामुळे चढावर इंजिन धापा टाकते आणि उतारावर इंजिनचा लगाम सैल पडतो. मोठे, जड चाक थांबविण्याचे काम पंचवीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर येते आणि पुढच्या किंगपिन बेअरिंगवर भार वाढतो. हे सारे सव्वा इंचासाठी! मी मूळ मापच ठेवले, फक्त नक्षी बदलली.

त्याहून मोठा लाभ फुकट मिळतो, तो हवा कमी करण्यातून. रस्त्यावर २६-२८ पौंड हवा असेल तर चिखलात वा वाळूत ती १५-१८ वर आणावी. टायर बसतो, त्याचा जमिनीला टेकणारा ठसा लांब होतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते. नवख्याला हा फरक पहिल्यांदा दिसतो तेव्हा जादू वाटते. अट इतकीच की, डांबर लागताच हवा पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो वा वळणावर रिममधून निसटतो. म्हणून माझ्या मते कोणत्याही जुन्या जिप्सीची पहिली खरेदी म्हणजे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक विश्वासू प्रेशर गेज.

पण टायरच्याही आधी गाडीची 'हिस्टरी' आणि तपासणी. गाडी कोठून आली हे विचारावे. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेली जिप्सी स्वस्त मिळते, त्याचे कारण पत्र्याखाली असते. चासीवर लहान हातोडी ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. आपण छातीवर बोटे ठोकून द्रव ओळखतो त्याच जातीची ही विद्या आहे. पाट्यांचे शॅकल जेथे चासीला जोडलेले असतात ती जागा आणि स्टिअरिंग बॉक्सचा आधार येथे तडे शोधावेत. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे. खडखड आली तर किंगपिन वा हबचे बेअरिंग गेले आहे. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते ते बहुधा यामुळेच. तेव्हा केवळ चाके बॅलन्स करून समाधान मानू नये. ब्रेकचे सिलिंडर, होज, तेल, क्लच, रेडिएटर हे सगळे निरस झाले, खर्चिक झाले, तरी यांच्याआधी एकही शोभेची वस्तू घेऊ नये.

या यादीत अलीकडे एक नवी भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आले. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम व गॅस्केट या इंधनासाठी घडविलेले नव्हते. नळ्या आतून मऊ पडतात, बाहेर चिरा दिसतात आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकू लागते. माझ्या गाडीच्या सर्व इंधन-नळ्या मी इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घातल्या. खर्च किरकोळ आहे. आगीची भीती मात्र किरकोळ नाही.

आता पाटे. जिप्सीची बैठक दणकट आहे हे सौम्य विधान झाले. सांगणारे तिला बैलगाडीच म्हणतात. पाट्यांची थप्पी एकमेकांवर घासते, गंजते, आणि लहान खड्ड्यात ती मुळी वाकतच नाही. याचा दुष्परिणाम केवळ कमरेवर होत नाही. आडवाटेवर एक चाक उंचवट्यावर चढले की अ‍ॅक्सल तिरपा व्हायला हवा. पाटे ताठर असतील तर समोरचे चाक जमिनीवरून उचलले जाते. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो आणि अधांतरी चाकाला फिरायला जवळजवळ काहीच पीळ लागत नाही. परिणामी जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे शून्यवत, मिळतो. चाक हवेत गरगरते, गाडी जागची हलत नाही. पाटे लवचिक असतील तर चाके जमिनीला धरून राहतात आणि डिफरन्शिअल लॉकसारख्या महागड्या उपायाची वेळ पुष्कळदा येतच नाही.

येथे माझ्या मिस्त्रींचे ऋण मानले पाहिजे. कॅम्पच्या बाजूला त्यांचे गॅरेज आहे. वयाने वडील असल्यामुळे आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "काय ओ डॉक्टरसाहेब, गाडी उंच करायचीया का शहाणी करायचीया?" मी म्हटले, "मामा, तुम्हीच सांगा." त्यांनी जुने पाटे उतरवून एक-एक सुटा केला, तडा गेलेले दोन काढून नवे घेतले, बाकीचे घासून, कमान दुरुस्त करून, टोकांमध्ये नायलॉनच्या पट्ट्या व ग्रीस घालून परत बांधले, सगळे बुश आणि चारही शॉकॅब नवे. उंची मूळचीच राहिली. परंतु पूर्वी ज्या वाटेवर मागचा डबा टणाटण उडायचा तेथे आता औषधांच्या बाटल्या स्वस्थ उभ्या राहतात. कमी आणि जाड-पातळ घडणीचे पॅराबोलिक पाटे हा याहून चांगला पण महाग मार्ग. अमेरिकेत सामुराई आणि ऑस्ट्रेलियात सिएरा या नावांनी हीच जातकुळी विकली गेल्याने तेथे अशा भागांचा मोठा व्यापार आहे.

तरुणांना ज्याची ओढ असते तो प्रकार निराळा. जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात. ते वर बसविले की गाडी एका दमात चार-पाच इंच उंच होते. दिसते रुबाबदार. परंतु पाटा वर गेला की वेग देताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळवटतो, प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन खड्ड्यात गाडी आपोआप वळू पाहते आणि ब्रेकचे होज अपुरे पडतात. हे सर्व नीट निस्तरणारे कारागीर आहेत, पण थोडे. बाकीचे वेल्डिंग करून मोकळे होतात.

उंचीचा मुख्य दोष मात्र भूमितीचा आहे. किंगच्या दोन चाकांमधले आडवे अंतर सुमारे १३०० मिलिमीटर. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६०० मिलिमीटरवर आहे. तर उभी गाडी सुमारे ४७ अंश कलल्यावर उलटेल. तोच गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर वर नेला की ही मर्यादा ४३ अंशांवर येते. हे झाले स्थिर गाडीचे. चालत्या गाडीत वळण, खड्डा आणि टपावरच्या कॅरिअरमधले सामान यांनी ती आणखी बरीच खाली येते. १९८८ साली अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने सामुराई उलटण्याच्या शक्यतेवरून 'अस्वीकार्य' ठरविली. उत्पादकांनी १९९६ साली दावा लावला आणि २००४ साली तो तडजोडीने मिटला. त्या चाचणीच्या खरेखोटेपणात पडण्याचे आपल्याला कारण नाही. मूळ उंचीच्या गाडीवर जर इतका वाद होऊ शकतो, तर गल्लीत वेल्डिंग करून उचललेल्या गाडीविषयी विचार ज्याचा त्याने करावा. आणि १९९३ पूर्वीची अरुंद जिप्सी तर मुळीच उचलू नये.

पाण्याविषयी दोन शब्द. अ‍ॅक्सल व गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी लहान ब्रीदर असतात. तापलेला डिफरन्शिअल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते; तेलाचा रंग दुधाळ चहासारखा झाला की समजावे. ब्रीदरना रबरी नळ्या जोडून त्या बॉनेटखाली उंच नेऊन ठेवाव्यात. दोन-तीनशे रुपयांच्या या कामाइतका उपयुक्त बदल दुसरा नाही, आणि तो कोणाला दिसतही नाही, म्हणून कोणी करीत नाही. इंजिनची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा स्नॉर्केल मात्र सर्वांना हवा असतो. स्नॉर्केल इंजिनला बुडण्यापासून वाचवितो. गाडी वाहून जाण्यापासून नव्हे. एक घनमीटर पाणी बाजूला सारले की गाडीचे हजार किलो वजन उचलले जाते, आणि आपल्या जिप्सीचे वजनच मुळी तेवढे. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत पोचले की हलकी गाडी पकड सोडू लागते. पुलाचा कठडा दिसेनासा झाला असेल तर थांबावे.

कायद्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वर्णनाहून भिन्न ठरेल असा बदल करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपये दंड ठेवला आहे. पुढचे लोखंडी बुल बार २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रालयाने बेकायदा म्हणून कळविले, आणि ते योग्यच झाले. पादचाऱ्याला, विशेषतः त्या उंचीच्या मुलाला, तो बार काय करतो हे आपल्या अपघात विभागात पाहायला मिळते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्याचे शुल्क अलीकडे वाढले आहे आणि तपासणीच्या वेळी उंच केलेली गाडी अडते. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हाती आपणच आयते कारण दिलेले असते. आडवाट म्हणजे अरण्य नव्हे, हेही तरुणांना सांगितले पाहिजे. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे परवानगीवाचून शिरणे गुन्हा आहे. तसेच शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात 'चिखलाचा सराव' करणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

आता मुले. जिप्सीच्या मागच्या डब्यात समोरासमोर दोन आडवे बाक असतात आणि घरातील बच्चेकंपनीला सर्वांत प्रिय जागा तीच. जुन्या गाड्यांत तेथे पट्टे नाहीत. समोरून धडक बसली वा नुसता जोराचा ब्रेक लागला की मूल कुशीच्या दिशेने फेकले जाते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान कोवळी, आणि बाजूच्या धक्क्याला तिच्यापाशी जवळपास प्रतिकार नसतो. त्यातच हल्ली हौसेने आत रोल केज बसवितात. शर्यतीत हेल्मेट घातलेल्या चालकाला तो पिंजरा तारतो. उघड्या डोक्याच्या मुलाजवळ तो म्हणजे कपाळापासून वीतभर अंतरावरचा लोखंडी पाइप. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड हजारच आहे म्हणून त्याचे महत्त्व हजाराचे समजू नये.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कापडी टपाच्या जिप्सीचा मागचा पडदा उघडा ठेवला की चालत्या गाडीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. त्यात सायलेन्सरला गंजून भोक पडलेले असेल तर पाहायलाच नको. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो हे आपण प्रथम वर्षात शिकलो. मुलांचा श्वसनाचा वेग अधिक असल्याने त्यांना बाधा आधी होते. डोके दुखणे, मळमळ, ओकारी, पेंगुळणे. आई म्हणते 'गाडी लागली'. घाटात मागे बसलेली दोन-तीन मुले एकदम मलूल झाली आणि उतरून मोकळ्या हवेत तरतरीत झाली, तर ओंडान्सेट्रॉन देण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे.

माझ्या गाडीत मागच्या बाकांवर कोणी बसत नाही. तेथे औषधांची पेटी, वजनकाटा आणि रुतलेली गाडी ओढण्याचा ताणणारा दोर पट्ट्यांनी बांधलेला असतो. तो दोरही चासीच्या भक्कम हुकालाच लावावा, टो-बॉलला कधीही नाही. तुटून उडालेला टो-बॉल बंदुकीच्या गोळीसारखा येतो व त्याने माणसे दगावली आहेत.

जुलै-ऑगस्टात अधूनमधून गाडीला वेगळे काम पडते. कर्नाटकात २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि ती आता डांबर संपते तेथपर्यंत बहुधा येते. पुढचे दोन-चार किलोमीटर चिखलाचे. वाडीवर वेळेआधी झालेली बाळंतीण असली तर तेवढे अंतर जिप्सी पार करते. आई पुढच्या आसनावर, पट्टा तिच्या कमरेच्या हाडांवरून बाळाच्या खालून, बाळ तिच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून, टोपी घालून, वरून लुगडे. पडदे बंद, लो रेंज, पहिला गिअर, माणूस चालतो तेवढा वेग. हा आदर्श प्रवास नव्हे, पण उबेचा प्रश्न त्यात सुटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील केशवाहिन्या किती नाजूक असतात हे या वाचकांना सांगायला नको. त्या दोन किलोमीटरांत प्रत्येक दगडागणिक मामांनी घासलेले पाटे आठवतात. गेल्या पावसाळ्यात अशा तीन खेपा झाल्या. दर खेपेस रुग्णवाहिकेचा ऑक्सिजन व नोंदवही घेऊन माणूस डांबरावर उभा होता, आणि बाळाचे तापमान तेथे पोचल्यावर ३६ अंशांच्या वर होते.

यंदा मागचे शॉकॅब बदलायचे आहेत, आणि किंगपिनमध्ये पुन्हा थोडी खडखड आहे. मामांनी दसऱ्यानंतर गाडी आणून लावायला सांगितले आहे. ज्या तरुण मित्रांना पाटे सुटे करताना पाहायचे असेल त्यांनी त्या दिवशी सकाळी जुने कपडे घालून गॅरेजवर यावे.